साल सोडून

मार्च उजाडला की नाशिकच्या निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांत निर्यातीच्या पेट्यांची घाई ओसरू लागते आणि बेदाण्याच्या शेडवर माणसं दिसू लागतात. सकाळी तोडलेल्या थॉम्पसन जातीच्या घडांचं क्रेट टाकीत बुडवलं जातं. टाकीत पाणी, त्यात पोटॅशियम कार्बोनेट आणि डीपिंग ऑइल. क्रेट आत जातं तेव्हा प्रत्येक मण्यावर पांढुरकी झाक असते, बोट फिरवलं तर रेघ उमटेल अशी. दोन-चार मिनिटांनी ते वर येतं तेव्हा ती झाक गेलेली असते, मणी ओल्या काचेसारखे चमकत असतात आणि क्रेट धरणाऱ्याचे हात तेलकट झालेले असतात. मग घड जाळीच्या कप्प्यांवर पसरायचे. वर छप्पर, बाजू वाऱ्याला मोकळ्या. दोन-अडीच आठवड्यांत साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा उतरतो.

हा सगळा खटाटोप सालीपायी. द्राक्षाच्या सालीवर मेणाचे बारीक पापुद्रे घरावरच्या कौलांसारखे एकावर एक बसलेले असतात. आतलं पाणी बाहेर जाऊ नये आणि बाहेरचं आत येऊ नये, यासाठी वेलीने केलेली ही तजवीज. खाण्याच्या द्राक्षात तिची किंमत मोठी, कारण त्या झाकेवरूनच माल ताजा आहे हे गिऱ्हाइकाला कळतं. वाळवायचं म्हटलं की तीच झाक आडवी येते. टाकीतलं द्रावण मेणाची ही कौलं विस्कटतं आणि पाण्याला वाट करून देतं. साल मात्र जागच्या जागी राहते आणि पुढे बेदाण्याबरोबर पोटात जाते.

वाळवणाचा इतिहास चाळताना हे सालीचं प्रकरण पुन्हा पुन्हा समोर येतं. द्राक्षाची साल काढणं परवडत नाही म्हणून ती राहिली. कांद्याची चिमटीत निघते म्हणून गेली. कोकमाचं तर उलटंच झालं, साल ठेवली आणि बी बाजूला काढली. यातल्या एकाही निर्णयाच्या वेळी पोषणाचा हिशेब कोणी मांडलेला नव्हता. तो फार नंतर आला, आणि आला तेव्हा त्यानेही पहिल्याच रकान्यात साल वजा केली.

आधी शब्दांकडे बघू, कारण वाळल्या द्राक्षाची निम्मी हकिकत त्याच्या नावांत आहे. ‘बेदाणा’ म्हणजे फारसीतला ‘बे-दाना’, ज्यात दाणा नाही तो. ‘मनुका’ हा ‘मुनक्का’चा मराठी अवतार. त्याच्या मुळाशी अरबी शब्द आहे आणि अर्थ ‘साफ केलेला’, म्हणजे बिया काढून टाकलेला. गंमत अशी, की मराठी घरात मनुका म्हटलं की हटकून बी असलेली काळी मनुकाच डोळ्यांसमोर येते. किसमिसही फारसीच. संस्कृतात ‘मृद्वीका’ आहे आणि चरकसंहितेपासून ती औषधात येते, पण बाजारात टिकली ती फारसी-अरबी नावं. मालही तिकडूनच यायचा. काबूल-कंदाहारकडचा सुका मेवा मुंबईत उतरायचा आणि तिथून गावोगावच्या दुकानांत पोचायचा. आजाऱ्याला भिजवलेल्या मनुका, सत्यनारायणाच्या शिऱ्यात मोजके बेदाणे, इतकाच त्याचा संसारात वावर असे.

द्राक्षं मात्र दख्खनला परकी नव्हती. चौदाव्या शतकात दौलताबादेत आलेल्या इब्न बतूताने तिथल्या द्राक्ष-डाळिंबांची आणि वर्षातून दोनदा येणाऱ्या फळाची नोंद केली आहे. परमुलखातून आलेल्या प्रवाशाला हे नवल वाटावं यात काही नाही. इथे वेल झोपतच नाही. आजही बागाईतदार वर्षातून दोनदा छाटणी करतो. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करायला आणि ऑक्टोबरची फळछाटणी मालासाठी. दुसरं पीक न घेता वेलीला एकाच फळावर थांबवायचं कसब त्याने कमावलं आहे.

नाशिक भागात जुन्या काळी भोकरी, फकडी, साहेबी अशा जाती होत्या. पांगाऱ्याचे खुंट रोवायचे, त्यांना पालवी फुटू द्यायची आणि त्यांच्या आधाराने वेल चढवायचा, ही त्या काळची रीत. लोखंडी अँगल आणि तारांचे मांडव नंतरचे. या जाती खायला बऱ्या, पण बियांच्या आणि गोडीला बेताच्या. अशी द्राक्षं वाळवून हाती येणार काय? आंबट साल आणि तिच्या आत खुळखुळणाऱ्या बिया.

1925 साली ओझरला रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी द्राक्षबाग लावली आणि जिल्ह्यातल्या व्यापारी द्राक्षशेतीचा आरंभ तिथून धरला जातो. त्याच सुमारास पुण्याच्या गणेशखिंड फळसंशोधन केंद्रात डॉ. जी. एस. चीमा वेगवेगळ्या जाती लावून बघत होते. पांढऱ्या साहेबीतून निवडलेली ‘चीमा साहेबी’ त्यांचीच. तरीही बेदाण्याची दारं उघडली ती थॉम्पसन सीडलेस आल्यावर. ही जात कॅलिफोर्नियाची समजली जाते, पण विल्यम थॉम्पसन नावाच्या माणसाने 1870 च्या दशकात ती तिथे वाढवली एवढंच. वाण मूळचा इराण-तुर्कस्तानकडचा, तिकडे त्याला सुलताना किंवा किशमिश म्हणतात. म्हणजे ज्या मुलखातून तयार बेदाणा येत होता, त्याच मुलखाचा वेल अमेरिकेला वळसा घालून महाराष्ट्रात उतरला.

पुढे त्याची मराठी भावंडं झाली. तासगाव भागात निवडलेली ‘तास-ए-गणेश’ आणि सोलापूरच्या नान्नजची ‘सोनाका’ ही त्यांतली दोन. बेदाण्याचं माहेर मात्र नाशिकला झालं नाही, ते सांगली जिल्ह्यात झालं. तासगावकडची उन्हाळ्यातली कोरडी हवा, मोकळा वारा आणि लांबच्या बाजारापेक्षा वाळवून ठेवण्याकडे असलेला कल, यांनी तिथे शेडांची रांग उभी केली. सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नाशिकला मानांकन आहे ते खाण्याच्या द्राक्षाचं आणि वाइनचं. नाशिककराचा जीव घडात. मणी टपोरा हवा, देठ हिरवा हवा, पेटी युरोपला जायला हवी. भाव पडला, गारपिटीने सालीवर डाग आले किंवा मणी फुगला नाही की मग शेड आठवते. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात बेदाण्याचे लिलाव होतात, तरी बोलण्यात तो अजून धाकटा भाऊच.

टाकीतल्या द्रावणाची पूर्वपीठिका फार जुनी आहे. पहिल्या शतकातला रोमन शेतीलेखक कोलुमेला बेदाणे करायची कृती देतो, ती अशी: राखेचं पाणी उकळायचं, त्यात थोडं चांगलं तेल घालायचं, घड बुडवून काढायचे आणि उन्हात ठेवायचे. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. म्हणजे निफाडच्या टाकीतले दोन्ही घटक, खार आणि तेल, दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राकाठी एकत्र आलेले होते. अफगाणिस्तानात उकळत्या खाराच्या पाण्यात बुडवून केलेल्या बेदाण्याला ‘आबजोश’ म्हणतात. आब म्हणजे पाणी, जोश म्हणजे उकळी. त्या उकळीने साल बारीक तडकते. सावलीत वाळवलेला हिरवा बेदाणा तिथे वेगळा, आणि त्याच्यासाठी भोकाभोकांच्या भिंतींची मातीची घरं बांधलेली असतात. ग्रीस आणि तुर्कस्तानातली न उकळता बुडवायची रीत ऑस्ट्रेलियात मिल्ड्युरा भागात शास्त्रशुद्ध झाली. अडीच टक्क्यांच्या आसपास कार्बोनेट आणि दीड टक्का इथाइल ओलिएट हे तिचं प्रमाण महाराष्ट्रात रुळलं. शेडवर तिला सरळ ‘ऑस्ट्रेलियन पद्धत’च म्हणतात. मांडणीही तिकडचीच, छप्पर आणि वारा.

आता पोषणाचा ताळा. 100 ग्रॅम ताज्या हिरव्या द्राक्षांत जवळपास 80 ग्रॅम पाणीच असतं. उष्मांक 69, तंतू एक ग्रॅमच्या आत, पोटॅशियम सुमारे 190 मिलिग्रॅम. तेवढ्याच वजनाच्या बेदाण्यात पाणी 15 ग्रॅम उरतं, उष्मांक 300 च्या घरात जातात, तंतू 4 ग्रॅमच्या आसपास आणि पोटॅशियम 750 मिलिग्रॅम. सगळं चौपट. यात चमत्कार काही नाही, चार किलोचं एक किलो केलं की असंच होणार. लोहही त्याच पटीत वाढून दोन मिलिग्रॅमच्या जवळ येतं. ‘बेदाण्यात भरपूर लोह’ म्हणणारे लोक चारपट साखरेबद्दल बोलत नाहीत, ती 60 ग्रॅमच्या आसपास असते.

खरं काय घडलं ते क जीवनसत्त्वाच्या ओळीत दिसतं. ताज्या द्राक्षात ते 3 मिलिग्रॅमच्या थोडं वर असतं. चौपटीने 12-13 व्हायला हवं होतं, पण बेदाण्यात ते अडीच मिलिग्रॅमही भरत नाही. म्हणजे पाचातले चार वाटे वाऱ्यावर गेले. खनिजं आणि तंतू हे वाळवणाचे इमानी गडी, कुठे जात नाहीत. हवेला आणि उजेडाला बुजणारी जीवनसत्त्वं आधी पळ काढतात. हा नियम बेदाण्याला लागू, तसाच वाळवलेल्या गवारीला आणि वांग्याच्या फोडींनाही.

सालीचा खास वाटा म्हणजे तंतू आणि पॉलिफेनॉल. द्राक्षाची ही रंगीत, तुरट द्रव्यं गरापेक्षा सालीत आणि बीमध्ये जास्त असतात. वाळताना साल काळवंडते ती याच द्रव्यांवर एन्झाइमांची क्रिया होऊन, कापलेलं सफरचंद लाल पडतं तशी. सोनेरी बेदाण्याला गंधकाची धुरी देतात ती हे काळवंडणं थांबवायला. आरोग्याविषयी जागरूक माणूस म्हणूनच सोनेरीकडे पाठ फिरवून काळपट उचलतो. पण अमेरिकेत 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकाच थॉम्पसन जातीचे उन्हात वाळवलेले, द्रावणात बुडवलेले आणि गंधक दिलेले बेदाणे शेजारी ठेवून तपासले, तेव्हा पॉलिफेनॉल जास्त टिकली होती ती सोनेरी बेदाण्यात. धुरीने एन्झाइमच थंड केलं होतं. दम्याच्या काही रोग्यांना गंधकाचा हा अंश सोसत नाही, ती गोष्ट वेगळी. पण रंगावरून पोषण ओळखण्याची सवय इथे साफ फसते.

साल सगळंच जपते, त्यात नको ते पण आलं. 2003 मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि माल अडकला. पुढे कृषी निर्यात प्राधिकरण ‘अपेडा’ने ग्रेपनेट नावाची नोंदणी-तपासणीची व्यवस्था आणली. बागेला क्रमांक, फवारणीची वही, तोडणीआधी प्रयोगशाळेत नमुना. 2010 मध्ये वाढनियंत्रक क्लोरमेक्वाटवरून युरोपात पुन्हा कंटेनर अडले आणि नाशिकच्या बागाईतदाराला ‘रेसिड्यू’ हा शब्द कायमचा पाठ झाला. वाळवताना पाणी उडतं, पण न उडणारे अंश तिथेच राहतात आणि वजनाच्या हिशेबात दाट होतात. पोटॅशियमला जे गणित लागू, तेच यांनाही.

आता कांदा. इथे सगळा डाव उलटा पडतो.

उन्हाळ कांदा काढला की पातीसकट शेतातच ओळीने निजवतात, एकाची पात दुसऱ्याच्या डोक्यावर येईल अशा बेताने. पात सुकली की मान ठेवून कापतात आणि कांदा सावलीत पसरतात. या दिवसांत वरचे पापुद्रे कागदासारखे होतात, मान आवळते आणि रंग चढतो. इथेही वाळवण चालू आहे, फक्त वाळवायची ती साल, आतला कांदा ओलाच ठेवायचा. द्राक्षाच्या शेडवर सालीला वाट फोडतात, इथे ती बुजवतात. असा सुकलेला कांदा चाळीत घातला की पावसाळा ओलांडून दिवाळीच्या आसपासपर्यंत टिकू शकतो. ‘एन-2-4-1’ ही टिकाऊ जात पिंपळगाव बसवंतच्या संशोधन केंद्रातली, ‘बसवंत 780’ही तिथलीच. लासलगावात भाभा अणुसंशोधन केंद्राने 2002 मध्ये ‘कृषक’ हा विकिरण प्रकल्प उभारला तो कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून. 2007 मध्ये अमेरिकेला गेलेला हापूस याच लासलगावातून किरणं खाऊन गेला.

वरचा पापुद्रा कांद्याला नुसतं झाकत नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात जे. सी. वॉकर आणि कार्ल लिंक यांनी 1930 च्या आसपास एक साधा प्रश्न सोडवला. एका बुरशीचे काळे डाग पांढऱ्या कांद्यावर पडतात, रंगीत कांद्यावर का पडत नाहीत? उत्तर वाळलेल्या सालीत निघालं. लाल-पिवळ्या कांद्याच्या सुक्या पापुद्र्यात प्रोटोकॅटेक्युइक आम्ल आणि कॅटेकॉल असतं, ते ओलाव्यात झिरपतं आणि बुरशीचा कोंब तिथेच मरतो. मेलेली साल जिवंत कांद्याची राखण करते.

इतका रंगीत कांदा पिकवणारा नाशिक जिल्हा कांदा वाळवण्याच्या धंद्यात मागे का राहिला, याचंही एक उत्तर रंगात आहे. कारखान्याला हवा पांढरा कांदा: घन पदार्थ जास्त, चकत्या वाळून पांढऱ्याच राहणाऱ्या. त्यामुळे हा उद्योग गुजरातेत भावनगर जिल्ह्यातल्या महुव्याला वाढला आणि जळगावकडेही पांढऱ्या कांद्यावरच बेतला गेला. लाल कांदा वाळला की तपकिरी पडतो. कारखान्याला ते चालत नाही, घराला चालतं. नाशिकच्या चिवड्यात जो कुरकुरीत कांदा लागतो तो आधी उन्हात सुकवून मग तळलेला, आणि काळ्या मसाल्यात पडतो तोही वाळवून भाजलेला. दोन्हीकडे तपकिरी रंगाचं स्वागतच आहे.

या दोन्हींत वरची साल मात्र नाही. ती आधीच उकिरड्यावर गेली. क्वेरसेटिन नावाचं जे द्रव्य कांद्याच्या गुणवर्णनात हटकून येतं, ते बाहेरच्या पापुद्र्यांत सर्वांत जास्त असतं, आतल्या पांढऱ्या गाभ्यात सर्वांत कमी. मग टरफलांची पूड करून खावी काय? असा सल्ला हल्ली बराच फिरतो. त्याला 1995 चा एक डच प्रयोग आडवा येतो. त्यात माणसांना तळलेला कांदा दिला, तेव्हा त्यातलं सुमारे 52 टक्के क्वेरसेटिन अंगी लागलं. सुटं, शुद्ध क्वेरसेटिन दिलं तेव्हा 24 टक्के. कांद्याच्या मांसल भागात हे द्रव्य साखरेच्या रेणूला बांधलेलं असतं आणि त्या रूपात आतड्याला ते सहज उचलता येतं. वाळक्या टरफलात ते बहुतांशी सुटं असतं. म्हणजे तक्त्यात टरफल वरचढ, पोटात तेवढं नाही. चिवड्यातल्या तळलेल्या कांद्याला डच शास्त्रज्ञांचा असा अनपेक्षित पाठिंबा मिळाला आहे, तेलाचा हिशेब ज्याने त्याने करावा. टरफलावर माती, बुरशी आणि चाळीत मारलेल्या भुकट्यांचे अंश बसतात, हे तर कांदा निवडणारी बाईही सांगेल.

नुसती सालच खायची आणि बाकीचं टाकायचं, असंही वाळवण मराठी घरात आहे. आमसूल. कोकमाचं फळ फोडून बिया वेगळ्या करतात, सालं उन्हात घालतात, पुन्हा कोकमाच्याच खारवलेल्या रसात बुडवतात, पुन्हा वाळवतात, असं काही वेळा. नाशिकच्या आमटीतलं आमसूल येतं कोकणातून. त्याच्या आंबटपणामागचं हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या लुईस आणि नीलकंठन यांनी 1965 मध्ये नेमकं ओळखलं, कोकमाच्या जातभाईच्या सालीत. नंतर परदेशात याच आम्लाच्या वजन उतरवणाऱ्या गोळ्या निघाल्या आणि गाजल्या. आमटीत पडतात दोन आमसुलं, तेवढ्याने कोणाचं वजन उतरल्याचं ऐकिवात नाही. जेवण मात्र उतरतं.

त्रिफळा चूर्ण हेही तसंच. हिरडा, बेहडा, आवळकाठी या तिन्हींतली बी काढून वरचं टरफल किंवा दल तेवढं घेतात. डाळिंबाचं वाळकं साल काही घरांत बाळगुटीच्या पुडीत असतं आणि जुलाबावर उगाळून देण्याची रीतही जुनी. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा हा ‘कसमादे’ पट्टा डाळिंबाचा. फळाच्या वजनात सालीचा वाटा मोठा, आणि पॉलिफेनॉल मोजली तर दाण्यांपेक्षा सालीत कितीतरी जास्त. पण ती टॅनिनं आहेत. चामडं कमावायला आणि कापड पिवळं रंगवायला हीच साल वापरली गेली, यावरून तिचा स्वभाव कळावा. जेवणात आली तर तीच टॅनिनं अन्नातलं लोह धरून ठेवतात. जुन्या माणसांनी ही साल ताटात न वाढता सहाणेवर ठेवली, याला फार मोठं शहाणपण म्हणायची गरज नाही. ती कडू होती, एवढं कारण पुरेसं आहे.

सालीतल्या पोषणाचा शोध खरं तर फळाभाजीवरून लागला नाही, तांदळावरून लागला. 1890 च्या दशकात जावा बेटावर क्रिस्तियान आइकमान यांच्या कोंबड्या गिरणीच्या पांढऱ्या तांदळावर पांगळ्या झाल्या आणि कोंडा घालताच पुन्हा उभ्या राहिल्या. आपल्याकडे 1918 मध्ये निलगिरीतल्या कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन यांच्या हाताखाली बेरीबेरीच्या चौकशीचं केंद्र निघालं. तेच पुढे हैदराबादला गेलं आणि राष्ट्रीय पोषण संस्था झालं. इगतपुरी-त्र्यंबककडे हातसडीचा तांदूळ खाणाऱ्यांना यातलं काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. पेठ-सुरगाण्याच्या नागलीचं तर नशीबच थोर. दाणा मोहरीएवढा, साल काढायची सोयच नाही, म्हणून 100 ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपासचं कॅल्शियम आजवर शाबूत राहिलं. त्याचा बराच भाग सालीच्या थरात असतो.

कुन्नूरहूनच 1937 साली डब्ल्यू. आर. आयक्रॉइड यांची भारतीय अन्नाच्या पोषणमूल्यांची पुस्तिका निघाली. ‘हेल्थ बुलेटिन नंबर 23’ हे तिचं रुक्ष नाव. पुढे तिच्या आवृत्त्या वाढल्या, 1971 मध्ये डॉ. सी. गोपालन आणि सहकाऱ्यांचं पुस्तक आलं, 2017 मध्ये सव्वापाचशेच्या वर पदार्थांचे नवे तक्ते आले. अशा तक्त्यांतला आकडा खाद्य भागाच्या 100 ग्रॅमचा असतो. आणि जी साल रीतीप्रमाणे काढून टाकली जाते, ती त्या खाद्य भागाबाहेर. रीत कोणाची, हे मात्र तक्ता सांगत नाही. दोडका सोलून शिरा टाकणाऱ्या घराची, की त्या शिरांची तीळ-खोबरं घालून खमंग चटणी करणाऱ्या घराची? दुसऱ्या घरात तो ‘अखाद्य भाग’ तव्यावर कडकडीत होईपर्यंत परतला जातो, पाणी उडतं, तंतू उरतात, आणि डब्यात तीन-चार दिवस टिकतो. दुधीच्या सालीचंही तेच. दुधी आधी चाखून कडू नाही ना, हे बघायचं, कडू निघाला तर सालीसकट टाकायचा, हा नियम तेवढा दोन्ही घरांत सारखा.

वाइनने अलीकडे सालीचा आणखी एक हिशेब उघडला. नाशिकच्या ‘सुला’ वाइनरीची पहिली वाइन 2000 मध्ये बाजारात आली, राज्याचं द्राक्षप्रक्रिया धोरण 2001 मध्ये, आणि गंगापूर धरणाच्या भोवतीचा मुलूख पर्यटकांनी भरला. पांढऱ्या वाइनसाठी रस आधी गाळून घेतात. तांबडीसाठी साल रसातच आंबू देतात, रंग आणि तुरटपणा तिच्यातून उतरतो. सालीतल्या ज्या रेसवेराट्रॉलचं नाव घेऊन ग्लास उंचावले जातात ते लिटरमागे काही मिलिग्रॅम इतकंच, उरलेलं साली-बियांच्या चोथ्यात. तंतू तर सगळेच चोथ्यात. तो जांभळा, आंबूस वासाचा ढीग बहुतेक वेळा खताच्या खड्ड्यात जातो आणि पुन्हा वेलीच्या मुळाशी येतो.

लासलगावच्या आवारात टरफलांना तेवढाही मान नाही. लिलाव उरकले, ट्रॅक्टर निघून गेले की खराटे घेतलेल्या बायका ढीग लावायला घेतात. पापुद्रे वजनाला नाहीत, ढीग मात्र कमरेएवढा होतो. वारा सुटला की वरचा थर उठतो, मनमाडकडे जाणाऱ्या रुळांपर्यंत गुलाबी कचरा उडत राहतो, आणि खराटा पुन्हा पहिल्या कोपऱ्यापासून सुरू होतो.